बाजारातली डिपस्टिक: आधी जुळवा, मग तिच्यावर विसंबा

ऑइल बदललं की लगेच डिपस्टिक, म्हणजे इंजिनातल्या ऑइलची लेव्हल मोजायची पट्टी, वाचणं सगळ्यात अवघड जातं. ताजं ऑइल मधासारखं पारदर्शक, पट्टी गुळगुळीत नि चकचकीत. वर काढताना नळीच्या भिंतीवरचं ऑइल तिला पुसलं जातं, आणि मग एका बाजूला लेव्हल फुल तर दुसऱ्या बाजूला निम्मी. चार वेळा पुसून चार वेगळी उत्तरं आली की माणूस वैतागून सुधारित डिपस्टिक मागवतो: टोकाला जाळीदार खाचा, कोरलेल्या रेघा, रंगीत मूठ, दुहेरी ओ-रिंग (मुठीखालची रबरी सील कडी). ती वाचायला खरंच सोपी असते. पण वाचायला सोपी म्हणजे बरोबर, असं नाही. पट्टीवरच्या रेघेला स्वतःचा काही अर्थ नसतो. नळीच्या तोंडावर टेकणाऱ्या भागापासून ती किती अंतरावर आहे, त्यावर सगळं ठरतं. हे अंतर ५ मिलिमीटरने चुकलं तर साधारण पाव लिटर ऑइल चुकतं.

म्हणून क्रम असा: आधी जुन्या पट्टीशी जुळवायची, मग मोजून ओतलेल्या ऑइलशी ताडून पाहायची, आणि मगच तिच्या भरवशावर टॉप-अप करायचा.

१. बदलायची गरज आहे का ते बघा

तक्रार फक्त ‘ताजं ऑइल दिसत नाही’ एवढीच असेल तर नवी पट्टी घेण्याआधी एक उपाय करून बघा. मूळ पट्टीच्या दोन खुणांमधल्या भागावर २२० ते ३२० नंबरचा पॉलिश पेपर दोन तिरप्या दिशांनी हलका फिरवा, म्हणजे बारीक चौकड्या उमटतील. त्या ओरखड्यांत ऑइल धरून राहतं आणि कोरड्या भागाची चमक वेगळी दिसते. नंतर पट्टी स्वच्छ धुऊन, पुसून, कोरडी करूनच आत घाला. कानशीने खाच मात्र पाडू नका. पातळ स्प्रिंग स्टीलची पट्टी खाचेपाशीच वाकते आणि पुढे तिथेच तुटते. मार्करने रेघ मारली तर ती गरम ऑइलमध्ये टिकत नाही, आणि रंग लावला तर त्याची पापुद्री सुटून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यात, जाते.

बदलायची खरी कारणं वेगळी आहेत. मुठीचं प्लॅस्टिक उन्हातान्हात नाही, पण इंजिनच्या उष्णतेत वर्षानुवर्षं भाजून ठिसूळ होतं आणि तुकडे पडू लागतात. टोकाशी प्लॅस्टिक असलेल्या पट्ट्यांत ते टोकच निसटतं. मूठ नळीत घट्ट बसत नाही, किंवा खुणा पार झिजलेल्या असतात. यातलं काही असेल तर वाट पाहू नका. ऑइल पंपाच्या जाळीवर अडकलेला प्लॅस्टिकचा तुकडा पट्टीच्या किमतीच्या मानाने फार महाग पडतो.

नळीचं तोंडही याच वेळी बघा. फोल्क्सवॅगन-ऑडीच्या जुन्या १.८ लिटर टर्बो इंजिनांवरची नारिंगी प्लॅस्टिक फनेल तडकते, हे त्या गाड्यांवर काम करणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं. तडकलेल्या फनेलवर कितीही चांगली पट्टी ठेवली तरी तिची बैठक हलती राहणार.

काही इंजिनांना पट्टी मुळातच नसते. बीएमडब्ल्यूच्या एन५२ इंजिनात लेव्हल सेन्सर सांगतो. मर्सिडीजच्या काही इंजिनांत नळी असते, वर टोपण असतं, पट्टी फक्त वर्कशॉपकडे. अशा नळीसाठी मिळणाऱ्या पट्ट्यांवर बहुतेक वेळा किमान-कमाल नसून मिलिमीटर असतात. त्या मिलिमीटरचा अर्थ लावायला त्याच इंजिनचा तक्ता लागतो. तक्ता हाती नसेल तर ती पट्टी म्हणजे नुसती लांब तार.

२. जवळ काय काय हवं

कागदपत्रं:
- हँडबुकातलं ऑइलचं पान. त्यातल्या तीन गोष्टी टिपून घ्या: फिल्टरसह किती ऑइल लागतं, इंजिन बंद केल्यावर किती वेळाने मोजायचं, आणि गरम की थंड.
- इंजिन कोड. एकाच नावाच्या गाडीत दोन-तीन वेगळी इंजिनं येतात, आणि त्यांचे चेंबर नि नळ्या वेगळ्या असतात.
- मूळ डिपस्टिकचा पार्ट नंबर, आणि चेंबर किंवा नळी आधी कधी बदलली असल्यास त्याची नोंद.

साधनं: ३०० मिलिमीटरची स्टीलची मोजपट्टी, व्हर्नियर कॅलिपर, ५० मिलीच्या खुणा असलेलं एक लिटरचं मापपात्र, नरसाळं, धागे न सुटणारं फडकं, पांढरे टिश्यू पेपर, टॉर्च, हातमोजे आणि एक वही. सूत सुटणारं कापड वापरू नका. ते सूत पट्टीच्या जाळीदार खाचांत अडकतं आणि थेट ऑइलमध्ये जातं. सुधारित पट्ट्यांचा हा एक तोटाच म्हणायचा. गुळगुळीत पट्टीला काही चिकटत नाही, खरबरीत पट्टीला सगळं चिकटतं.

३. निवडताना

मूठ कोणत्या रंगाची आहे हे शेवटी बघा. आधी टोक.

टोक एकसंध हवं. पट्टीतच कोरलेल्या किंवा लेझरने उमटवलेल्या खुणा उत्तम. वेगळा तुकडा बनवून तारेवर दाबून बसवलेला असेल तर तो हाताने पिरगळून, ओढून बघा. किंचितही हलला तर परत करा. ॲल्युमिनियम किंवा पितळेचं टोक चेंबरमध्ये पडलं तर चुंबकाने निघत नाही. चेंबर उतरवावा लागतो.

लवचीक वेणीदार तारेच्या पट्ट्या वाकड्या नळीत सहज उतरतात, पण दर वेळी वेगळ्या बाजूला झुकून बसू शकतात. सपाट पट्टीला दिशा असते. मूळ मूठ ज्या तोंडाने बसते त्याच तोंडाने नवी बसते का, हे बघा. १८० अंश फिरवून घातलेली पट्टी नळीच्या वळणामुळे वेगळी टेकते आणि वेगळं रीडिंग देते.

सीलकडे लोक दुर्लक्ष करतात. ज्या इंजिनांत येणारी हवा मोजली जाते, त्यांत क्रँककेस (इंजिनचा खालचा भाग, जिथे क्रँकशाफ्ट फिरतो) बंदिस्त असणं गृहीत धरलेलं असतं. मुठीची ओ-रिंग सैल असली तर न मोजलेली हवा आत ओढली जाते, आयडलिंग डळमळतं आणि हवा-इंधनाचं मिश्रण पातळ (इंधन कमी) असल्याचा पी०१७१ सारखा बिघाडाचा कोड येऊ शकतो. नवी पट्टी बसवल्यावर आठवड्याभरात चेक इंजिन दिवा लागला, तर सेन्सर बदलायच्या आधी मुठीकडे बघा. उलट ओ-रिंग जास्त जाड असली तर मूठ पूर्ण खाली जात नाही. त्याने काय होतं ते पुढच्या टप्प्यात येतंच.

लॉकची मूठ टर्बो इंजिनावर बरी. पण पट्टी वारंवार वर उडत असेल तर लॉक लावून ते दडपू नका. बहुधा क्रँककेसमधला दाब बाहेर सोडणारा ब्रीदर तुंबलेला असतो, आणि पट्टी अडवली की तो दाब ऑइल सीलमधून वाट शोधतो.

४. जुनी आणि नवी शेजारी ठेवा

दोन्ही पट्ट्या पुसून सपाट टेबलावर ठेवा. मुठीचं वरचं टोक जुळवू नका. नळीच्या तोंडावर जो भाग टेकतो, ती बैठक जुळवा. नवख्यांची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. मूठ उंच असो वा बुटकी, तिचा लेव्हलशी संबंध नाही.

आता बैठकीपासून चार अंतरं मोजा आणि वहीत लिहा: कमाल खुणेपर्यंत, किमान खुणेपर्यंत, टोकापर्यंत, आणि दोन खुणांमधलं अंतर. पट्टी वाकवलेली असेल तर वळणावरून दोरा लावून मोजा.

दोन्हींच्या खुणांमध्ये १ मिलिमीटरचा फरक चालतो. २ च्या पुढे गेला तर त्याचा अर्थ समजून घ्या:

- नवी पट्टी बैठकीपासून लांब असेल, तर तिचं टोक ऑइलमध्ये जास्त बुडतं. ती आहे त्यापेक्षा जास्त ऑइल दाखवते. तुम्ही निश्चिंत, आणि इंजिन तहानलेलं.
- नवी पट्टी आखूड असेल, किंवा जाड ओ-रिंगमुळे मूठ अधांतरी राहिली असेल, तर ती कमी दाखवते. तुम्ही ओतत राहता आणि इंजिन ओव्हरफिल होतं.

नळीचा ब्रॅकेट सैल होऊन नळी वर सरकली तरी दुसऱ्या प्रकारचीच चूक होते, आणि त्या वेळी मूळ पट्टीसुद्धा खोटं बोलते. म्हणून नळी हाताने हलवून बघा. ती हलता कामा नये.

५. बसवणं

इंजिन थंड असू द्या. नळीच्या तोंडाभोवतीची धूळ आधी पुसा, मग जुनी पट्टी काढा. नव्या ओ-रिंगवर इंजिन ऑइलचा हात फिरवा. पट्टी सावकाश आत सोडा, कुठे अडली तर जोर करू नका. मूठ पूर्ण बसल्याचं बोटाला जाणवलं पाहिजे. बैठक आणि नळीचं तोंड यांच्यात फट दिसली तर ओ-रिंग जाड आहे.

नवी पट्टी जुनीपेक्षा टोकाकडे लांब असेल तर इंजिन लगेच सुरू करू नका. खाली क्रँकशाफ्टची वजनं फिरत असतात, आणि पुष्कळ इंजिनांत मध्ये पत्र्याचा बाफलही (ऑइल हिंदकळू नये म्हणूनचा आडोसा) असतो. गिअर न्यूट्रलमध्ये, चावी काढलेली, आणि क्रँकच्या पुढच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या फिरण्याच्या दिशेने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. पट्टी काढून टोक टॉर्चच्या उजेडात बघा. ताजा चकाकता ओरखडा दिसला तर ती पट्टी त्या इंजिनाची नाही. टोक कापून जमवण्याच्या भानगडीत पडू नका.

पाच वेळा आत-बाहेर करून पाचही रीडिंगं लिहा. सगळी २ मिलिमीटरच्या आत आली तर बैठक चांगली. तारेच्या पट्टीत ५–६ मिलिमीटरचा पसारा दिसला, तर कोरलेल्या बारीक रेघांचा काही उपयोग नाही.

६. खरी परीक्षा: मोजून ओतलेलं ऑइल

ही परीक्षा ऑइल बदलायच्या दिवशीच घ्यायची, वेगळं काही उघडावं लागत नाही. समजा हँडबुकात फिल्टरसह ४.५ लिटर लिहिलंय आणि किमान-कमाल यांत १ लिटरचा फरक आहे. पुष्कळ मोटारींत तो याच्या आसपास असतो, पण तुमच्या हँडबुकातला आकडा घ्या.

१) गाडी समतल जागी. जुनं ऑइल गरम असताना सोडा, किमान २० मिनिटं निथळू द्या. फिल्टर बदला, ड्रेन बोल्ट नव्या वॉशरसह लावा.

२) मापपात्राने ३.५ लिटर ओता. डब्यावरच्या खुणांवरून अंदाजाने नको.

३) इंजिन सुरू करा. ऑइलचा दिवा विझल्यावर मिनिटभर आयडलवर ठेवा, रेस करू नका. बंद करून १० मिनिटं थांबा. हे न करता वाचलं तर आकडा फसवा येतो, कारण रिकामा फिल्टर भरताना २०० ते ४०० मिली ऑइल पिऊन टाकतो.

४) आता दोन्ही पट्ट्यांनी वाचा. लेव्हल किमान खुणेपाशी हवी. नव्या पट्टीवर बैठकीपासून किती मिलिमीटरवर ओल आहे ते लिहा.

५) २५० मिली ओता, ५ मिनिटं थांबा, वाचा, लिहा. असं चार वेळा.

६) शेवटी पुन्हा मिनिटभर इंजिन, १० मिनिटं विश्रांती, आणि कमाल खूण तपासा.

आता तुमच्याकडे पाच आकडे आहेत. दोन खुणांत २० मिलिमीटर असतील तर १ मिलिमीटर म्हणजे ५० मिली. पायऱ्या अगदी सारख्या येणार नाहीत, कारण चेंबर सगळीकडे सारख्या रुंदीचा नसतो. चिंतेचं कारण नाही. शेवटचं रीडिंग कमाल खुणेच्या १००–१५० मिलीच्या आत असलं तर पट्टी ठेवा. फरक त्याहून मोठा आणि जुनी पट्टी मात्र बरोबर दाखवतेय, तर नवीवरच्या छापील खुणा विसरा आणि आपला मिलिमीटरचा तक्ता वापरा, किंवा सरळ परत पाठवा. जुनीही तितकीच चुकली, तर दोष नळीत आहे, निथळण्यात आहे, किंवा हँडबुकातून चुकीचा आकडा घेतलाय. कोरड्या, नव्याने बांधलेल्या इंजिनाचा आकडा सर्व्हिसच्या आकड्यापेक्षा मोठा असतो, आणि हे दोन आकडे नेहमी एकमेकांत मिसळतात.

७. रोजचं वाचन

जागा समतल हवी, हे सगळे सांगतात. किती समतल, ते कोणी सांगत नाही. पट्टी चेंबरच्या मध्यापासून १५० मिलिमीटरवर असेल, तर १ अंश उताराने रीडिंग २.६ मिलिमीटरने बदलतं, म्हणजे वरच्या हिशोबाने १३० मिली. डोळ्याला १ अंश कळत नाही. युक्ती अशी: रोजच्या जागी मोजा, मग गाडी तोंड फिरवून त्याच जागी लावा आणि तेवढाच वेळ थांबून पुन्हा मोजा. दोन्हींची सरासरी खरी, आणि फरकाचा निम्मा भाग त्या जागेचा दोष. एकदा तो कळला की कायम त्याच जागी, त्याच दिशेने लावा.

तापमानही तसंच. ५ लिटर ऑइल ७० अंशांनी तापलं की फुगून साधारण पाव लिटरने वाढतं. दुसरीकडे, इंजिन नुकतंच बंद केलेलं असताना बरंचसं ऑइल वर हेडमध्ये अडकलेलं असतं. हे दोन्ही परिणाम एकमेकांविरुद्ध जातात, म्हणून आज गरम आणि उद्या थंड मोजून तुलना करू नका. हँडबुक सांगेल ती एक अवस्था धरा. काहीच लिहिलं नसेल तर सकाळी, गाडी सुरू करण्याआधी. रात्रभर उभ्या गाडीत नळीची भिंतही निथळलेली असते. ज्या इंजिनांत ऑइल वेगळ्या टाकीत असतं, उदाहरणार्थ पोर्शच्या एअर-कूल्ड ९११ मध्ये, तिथे मात्र इंजिन पूर्ण गरम आणि आयडलवर चालू असतानाच मोजतात. तिथे थंड रीडिंगला काही अर्थ नाही.

पट्टी काढा, पुसा, मिनिटभर बाहेर ठेवा, घाला, मग काढून वाचा. धरताना टोक खाली तिरपं ठेवा. टोक वर केलं की ऑइल मुठीकडे ओघळतं. दोन्ही बाजू बघा. सलग पूर्ण रुंदीची ओल जिथे संपते ती लेव्हल. त्याच्या वरचे ओघळ म्हणजे नळीची पुसापुस. दोन बाजूंत फरक असेल तर खालची खरी. सुबारूच्या बॉक्सर इंजिनांवर हा गोंधळ फार होतो. तरीही दिसत नसेल तर पट्टी टिश्यू पेपरवर अलगद टेकवा. कागदावर उमटलेला डाग पट्टीपेक्षा स्पष्ट वाचता येतो.

मोटारसायकलींत आणखी एक खोच आहे. आटे असलेली पट्टी काही गाड्यांत पूर्ण आवळून वाचायची असते, काहींत आट्यांवर नुसती टेकवून. आट्यांच्या उंचीइतका फरक म्हणजे छोट्या इंजिनात किमान-कमालचा मोठा हिस्सा. गाडी सरळ उभी हवी, साइड स्टँडवर नाही.

८. टॉप-अप

किमान आणि कमाल यांच्या मध्यावर असेल तर काही ओतू नका. पाव भागाच्या खाली गेली की ओता. किती ते तक्त्यावरून काढा आणि त्यातलं तीन-चतुर्थांशच ओता. ५ मिनिटं थांबून वाचा, मग उरलेलं. कमी पडलं तर ओतता येतं, जास्त झालं तर उपसावं लागतं.

‘थोडं जास्त असलेलं बरं’ हा सल्ला डोक्यातून काढून टाका. लेव्हल फार चढली की क्रँक ऑइल घुसळतो, फेस होतो, आणि फेसाने ऑइलचा दाब टिकत नाही. ब्रीदरमधून ऑइल इनटेकमध्ये जातं. डिझेल इंजिनात हे हाताबाहेर गेलं तर ते स्वतःच्याच ऑइलवर धावू लागतं आणि चावी काढूनही थांबत नाही.

ऑइलच्या लाल दिव्याची वाट पाहू नका. तो दाबाचा दिवा आहे, लेव्हलचा नाही. तो लागतो तेव्हा पंप हवा ओढत असतो.

९. नोंदी, आणि वाढणारी लेव्हल

वहीत चारच रकाने पुरेत: तारीख, किलोमीटर, मिलिमीटर, ओतलेले मिली. सुरुवातीला दर ५०० किलोमीटरला बघा, खपाचा अंदाज आला की १,०००. काही उत्पादक १,००० किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत खप चालतो असं हँडबुकात लिहितात. तुमच्या हँडबुकातला आकडा बघूनच काळजी करा.

लेव्हल न ओतता वाढत असेल, तर मात्र पट्टीला दोष देऊ नका. डिझेलमध्ये डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साफ करण्यासाठी जादा फवारलेलं इंधन सिलिंडरच्या भिंतीवरून खाली झिरपतं. छोट्याछोट्या फेऱ्यांनी हे अर्धवट राहिलं की लेव्हल चढते. मझ्दाच्या स्कायॲक्टिव्ह-डी इंजिनांच्या पट्टीवर कमालच्या वर ‘एक्स’ खूण यासाठीच दिलीय: तिथे पोचलं की ऑइल बदला. बाजारातल्या पट्टीवर अशी खूण नसेल, तर मूळ पट्टीवरचं तिचं अंतर मोजून तक्त्यात लिहा. थेट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनांतही थंडीत, छोट्या फेऱ्यांत असं होतं. पट्टीचा वास घ्या, इंधनाचा भपकारा ओळखू येतो. पट्टीवर दुधाळ, कॉफीसारखा फेस दिसला तर ते पाणी. नळीच्या वरच्या भागातच किंचित असेल तर बहुधा नुसता दमटपणा, टोकावरचं ऑइलच दुधाळ असेल तर कूलंट. मग गाडी चालवू नका.

१०. जुन्या पट्टीचं काय करायचं

टाकू नका. पुसून, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून गाडीतच ठेवा. गाडी सर्व्हिसला देताना तुमच्या नव्या पट्टीवरच्या चार रेघांतली फुल कोणती, हे समोरच्या मेकॅनिकला माहीत नसतं, आणि तो सगळ्यात वरची धरतो. बॉनेटच्या आतल्या बाजूला, उष्णतेपासून लांब, एक छोटी चिठ्ठी चिकटवा: फिल्टरसह किती लिटर, कोणती रेघ कमाल, इंजिन बंद केल्यावर किती मिनिटांनी वाचायचं.